परदेशी अँप्लिफायर आणि घरची वीज

गेल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक घडली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोन. त्या येथें सांगितल्या असतां आमच्या शहाणपणास कमीपणा येईल हें आम्ही जाणून आहों. परंतु परदेशीं गेलेलीं मुलें हल्लीं घरोघरीं कांहीं ना कांहीं यंत्रें आणून देतात, आणि तीच चूक दुसऱ्या एखाद्या घरीं या घटकेस घडूं पाहत असेल, म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहितों.

आमची धाकटी बहीण व मेहुणे भाईंदर पश्चिमेस राहतात. मेहुण्यांना जुन्या तबकड्यांचा फार नाद. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, न्यू जर्सींत नोकरीस आहे. वडिलांच्या पासष्टीनिमित्त त्यानें तिकडून एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि तबकडी फिरविण्याचें एक यंत्र आणलें. अँप्लिफायर १९६० च्या सुमाराचा, अमेरिकन बनावटीचा; बारा-तेरा किलो वजनाचें धूड, वर कांचेच्या नळ्या ओळीनें उभ्या. ज्यांच्या घरीं पूर्वीं ठाण्याच्या कारखान्यांतला मर्फी रेडिओ असेल, त्यांना या नळ्यांचा तांबूस उजेड आठवत असेल. भाचा चार दिवस सासुरवाडीस नाशिकला गेला. जातांना ‘मी आल्यावरच लावा’ असें सांगून गेला होता. पण पासष्टीच्या माणसाची उत्सुकता पांच वर्षांच्या मुलापेक्षां कमी असते असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आमच्या मेहुण्यांस पाहिलेलें नाहीं.

यंत्राच्या तारेस दोन चपट्या पिना होत्या. आपल्या भिंतीवरील गोल भोकांत त्या जाईनात. तेव्हां मेहुण्यांनीं स्टेशनाजवळून ‘कन्व्हर्टर पिन’ नांवाची एक वस्तु आणली. आम्ही त्या दिवशीं तेथेंच होतों. यंत्राच्या पाठीमागें धातूच्या पट्टीवर ‘११७ व्होल्ट, ६० सायकल्स’ असें कोरलेलें होतें. तें आम्हीं वाचलें, मोठ्यानें वाचलें, आणि तेवढ्यावरच थांबलों. ज्यानें सारा जन्म मुलांना ‘नुसतें वाचूं नका, अर्थ पाहा’ म्हणून छडी दाखविली, त्याच मास्तरानें हें केलें. मेहुण्यांनीं विचारलें, ‘मास्तर, लावूं का?’ आम्ही म्हणालों, ‘पिन बसते आहे ना? मग लावा.’

बटण दाबतांच यंत्रांतून मोठा घुमारा निघाला. नळ्या तांबूस न होतां एकदम पांढऱ्याफटक उजळल्या. दहा-बारा सेकंदांत डांबर जळाल्यासारखा वास सुटला व मागल्या जाळींतून धूर येऊं लागला. आम्ही दोघे पुरुष पाहत उभे राहिलों; बहिणीनें धांवत जाऊन बोर्डावरचा स्विच बंद केला.

काय झालें होतें तें पुढें एका जुन्या रेडिओ-कारागिरानें समजावून दिलें, तें आमच्या भाषेंत सांगतों. विजेचा व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजावी. टाकी जितकी उंच तितका नळास दाब जास्त. आपल्या देशांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट ठरलेला आहे, अमेरिकेंत १२०. जुन्या यंत्रांवर ११० पासून ११७ पर्यंतचे आंकडे आढळतात. जपानांत तो १०० आहे. विलायतेंत पूर्वीं २४० व युरोपखंडांत २२० होता. आतां दोहोंकडे २३० मानतात. ‘कन्व्हर्टर पिन’ या वस्तूचें नांवच फसवें आहे. ती फक्त पिनेचा आकार बदलते, दाबास हात लावीत नाहीं. चपटी पिन गोल भोकांत बसविणें एवढेंच तिचें काम, आणि तें ती चोख करते. हाच तिचा धोका. ती पिन न बसती तर यंत्र वांचलें असतें.

११७ च्या जागीं २३० म्हणजे जवळ जवळ दुप्पट दाब. व्हॉल्व्हच्या तंतूस ६.३ व्होल्ट हवे असतात; हिशेबानें तेथें बारांच्या वर गेले. व्हॉल्व्हच्या पोटांत जो मोठा दाब लागतो तो अशा यंत्रांत तीनशें ते साडेचारशें व्होल्ट असतो. तो दुपटीकडे झेपावला. शिवाय दुसरी गोष्ट अशी कीं, अमेरिकन वीज सेकंदास ६० आवर्तनें करते, आपली ५०. ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडावर चुंबकत्वाचा जो भार पडतो, तो दाबाच्या प्रमाणांत वाढतो आणि आवर्तनें कमी होतील तसाही वाढतो. दोन्ही मिळून हा भार मूळच्या सव्वादोन पटींहून अधिक झाला. इतका भार लोखंडास पेलत नाहीं. मग गुंडाळींतून वीज बेफाम वाहूं लागते व तांब्याची तार लाखेसकट जळते. अशा वेळीं यंत्रांतला फ्यूज उडावयास हवा होता. पण तिकडच्या कोण्या जुन्या मालकानें तेथें फ्यूजऐवजीं चांगली जाड तार बसवून ठेवली होती. परदेशीं सगळें शिस्तींत चालतें असा आमचा एक समज होता, तो त्या दिवशीं गेला.

आतां जें आम्ही करावयास हवें होतें तें सांगतों. पहिलें म्हणजे पाठीमागची पट्टी पाहावी, आणि तेवढ्यावर न थांबतां जाणत्याकडून आंतल्या ट्रान्स्फॉर्मरवरील अक्षरेंही पाहून घ्यावीं. कित्येक अँप्लिफायर निर्यातीसाठीं बनविलेले असतात. त्यांच्या ट्रान्स्फॉर्मरला १०० पासून २४० पर्यंत निरनिराळे फांटे असतात, किंवा १२० च्या दोन गुंडाळ्या असतात. त्या दोन गुंडाळ्या एकमेकींस समांतर जोडल्या तर यंत्र अमेरिकेचें, एकीपुढें एक जोडल्या तर आपलें. असें यंत्र असेल तर जाणता माणूस तास-दोन तासांत तें येथल्या विजेस जुळवून देतो. मात्र फ्यूजही निम्म्या अँपिअरचा घालावा लागतो, हें पुष्कळदां विसरलें जातें. जुन्या विलायती रेडिओंच्या पाठीस दाब निवडण्याची खुंटी असे व आमचे वडील ती पाहिल्याशिवाय रेडिओ लावीत नसत. त्या खुंटीचा अर्थ आम्हांस इतक्या वर्षांनीं, धूर निघाल्यावर, कळला.

ज्या यंत्रास एकच ११७ ची गुंडाळी आहे, त्यास भिंत व यंत्र यांच्यामध्यें दाब उतरविणारा, म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लावावा लागतो. बाजारांत त्याचे तीन प्रकार मिळतात. हातांत धरण्याजोगें हलकें, प्रवासांत केस वाळविण्याच्या यंत्रास लावतात तें खोकें पहिलें. तें विजेचा दाब खरोखर उतरवीत नाहीं, विजेच्या लाटेचे तुकडे पाडतें. तापणाऱ्या तारेस तें चालतें, व्हॉल्व्हच्या यंत्रास तें विष आहे. दुसरा प्रकार म्हणजे एकाच गुंडाळीचा ऑटो-ट्रान्स्फॉर्मर. तो खरा ट्रान्स्फॉर्मर आहे व स्वस्तही; पण त्यांत भिंतीची वीज व यंत्राची वीज यांत आडपडदा नसतो, आणि गुंडाळीचा दोहोंस सामाईक असलेला भाग तुटला तर २३० व्होल्ट सरळ यंत्राच्या अंगावर येतात. तिसरा म्हणजे दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा. तो जड असतो व महाग पडतो. घ्यावा तर तोच घ्यावा. यंत्राच्या पट्टीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या निदान दुपटीचा घ्यावा, कारण दुकानांतील आंकडे उदारपणें लिहिलेले असतात. आणि ११०, ११५ व १२० यांपैकीं निवड करावयाची झाल्यास जुन्या यंत्रासाठीं ११० चा मागावा. भिंतींतला दाब नेहमीं बरोबर २३० राहत नाहीं. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत शेंकडा सहाचा फरक क्षम्य मानलेला होता, म्हणजे २१६ पासून २४४ पर्यंत. भिंतींत २४४ असतां ११० चा ट्रान्स्फॉर्मर ११७ च्या जवळ येऊन थांबतो. १२० चा मात्र १२७ वर जाऊन बसतो.

हाच हिशेब हल्लीं चीनमधून घरपोंच येणाऱ्या अँप्लिफायरांसही लागू आहे. त्यांवर ‘२२०’ लिहिलेलें असतें आणि आपण निर्धास्त होतों. रात्रीं उशिरां, शेजारपाजारचीं यंत्रें बंद झाल्यावर दाब २४५ पर्यंत चढला, तर ६.३ व्होल्टच्या तंतूस ७ मिळतात. व्हॉल्व्हचें आयुष्य त्यानें घटतें. आणि आंत ४१० व्होल्टवर चालणारा कन्डेन्सर ४५६ वर जातो. त्याच्या अंगावर मर्यादा बहुधा ४५० ची छापलेली असते. म्हणून मागवितांना २३० किंवा २४० ची गुंडाळी आहे काय हें आधीं विचारून घ्यावें.

ट्रान्स्फॉर्मर दाब उतरवतो, आवर्तनें उतरवीत नाहीं कीं चढवीत नाहीं. याचा अनुभव आम्हांस तबकडीच्या यंत्रानें मोठ्या गमतीनें दिला. अँप्लिफायर जळाल्यावर भाच्यानें नाशिकहून परत येऊन आपल्या बॅगेंत तळाशीं राहिलेला लहान ट्रान्स्फॉर्मर काढला व त्यावर तें दुसरें यंत्र लावून, ध्वनि घरच्या साध्या स्पीकरांतून ऐकविला. मेहुण्यांनीं एका गायिकेची आवडती तबकडी लावली, आणि दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. ‘मास्तर, बाई आजारी आहे.’ आम्हीं पेटी काढून पाहिलें. पांढरी पांचमध्यें गाणारी बाई पांढरी तीनमध्यें गात होती, आणि लयही रेंगाळत होती. त्या यंत्राची मोटार विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरणारी. साठाच्या जागीं पन्नास मिळाल्यावर ती पांच-षष्ठांश वेगानें फिरूं लागली. मिनिटास सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या दरम्यान, म्हणजे नेमके ३३⅓ फेरे घेणारी तबकडी अठ्ठावीसदेखील घेईना. सहास पांच हें प्रमाण म्हणजे षड्जापासून शुद्ध कोमल गंधाराचें अंतर; तेवढेंच बाईचें गाणें खालीं आलें. विजेनें इतका सुरेल गोंधळ घालावा याचें आम्हांस कौतुक वाटलें. पन्नास आवर्तनांसाठीं वेगळ्या व्यासाची चाकी मिळते. ती बसविल्यावर बाई बरी झाली.

अँप्लिफायरची दुरुस्ती लॅमिंग्टन रोडच्या बाजूच्या एका वृद्ध कारागिरानें केली. त्यानें ट्रान्स्फॉर्मर २३० व्होल्टसाठीं नवा गुंडाळला, योग्य फ्यूज घातला, जुनी दोन तारांची दोरी काढून तीन तारांची लावली, आणि तिसरी, हिरवी तार यंत्राच्या लोखंडी सांगाड्यास घट्ट जोडली. जातांना त्यानें बजावलें, ‘ही तार कधीं सोडूं नका.’

येथवरचें नुकसान पैशांचें होतें. पुढचें तसें नव्हतें.

यंत्र घरीं आलें, गाऊं लागलें, पण त्यांत एक बारीक गुणगुण राहिली. प्रथम मेहुण्यांनीं ती तंबोऱ्याची म्हणून खपवून घेतली. पुढें तिचा सूर गाण्याशीं जुळेना, तेव्हां ती खुपूं लागली. कोणीतरी सांगितलें कीं अर्थिंगची तार सोडली म्हणजे गुणगुण जाते. हें खोटें नाहीं, जातेच. दोन यंत्रें दोन वाटांनीं जमिनीस जोडलीं गेलीं म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज फिरते व तिची गुणगुण ऐकूं येते. एक वाट तोडली कीं ती थांबते. मेहुण्यांनीं प्लग उघडून हिरवी तार सोडली, चिकटपट्टी गुंडाळली, आणि तंबोरा स्वच्छ झाल्याचें आम्हांस फोनवरून कळविलें. कारागिराचे शब्द आम्हांस आठवत होते. तरी आम्ही ‘छान झालें’ म्हणालों. त्यांच्या आनंदावर विरजण घालावें असें वाटलें नाहीं. ही दुसरी चूक.

आषाढांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां मेहुणे म्हणाले, ‘याला हात लावला कीं मुंग्या येतात.’ आम्हीं बोट लावून पाहिलें. खरेंच, मनगटापर्यंत झिणझिणी आली. ‘पावसाळी हवा आहे, दुसरें काय!’ असें सांगून आम्हीं चहा घेतला. ही तिसरी.

त्या मुंग्यांचें कारण असें. अमेरिकेंत त्या काळच्या यंत्रांना तिसरी तार नसे. गुणगुण दाबण्यासाठीं विजेची एक बाजू व लोखंडी सांगाडा यांच्यामध्यें एक लहानसा कन्डेन्सर बसवीत. तिकडचे कारागीर त्याला सरळ ‘मृत्यूचा कन्डेन्सर’ म्हणतात. आमच्या यंत्रांत तो साठ वर्षांचा जुना तसाच राहिलेला होता. तो धड असतांना २३० व्होल्टवर त्यांतून सुमारें साडेतीन मिलिअँपिअर वीज झिरपते, त्या मुंग्या. तिसरी तार जागेवर असती तर ती वीज मुकाट्यानें जमिनींत गेली असती. आणि असा जुना कन्डेन्सर जेव्हां आंतून फुटतो, तेव्हां झिरपणें संपतें व भिंतींतली सारी वीज सांगाड्यावर येऊन उभी राहते.

तो आषाढाच्या शेवटच्या आठवड्यांत फुटला. बहिणीनें फरशी पुसली होती. अनवाणी पायांनीं, हातांत ओलें फडकें घेऊन ती यंत्रावरची धूळ पुसावयास गेली. ती सांगते, कोणीतरी आंतून हात ओढून धरल्यासारखें झालें. सुदैव इतकेंच कीं झटक्यानें ती मागें फेंकली गेली व हात सुटला. डोकें कोचाच्या लांकडावर आपटून चार टांके पडले. दोन दिवस रुग्णालयांत ठेवून हृदयाचा आलेख पुनःपुनः काढला. ओल्या अंगाचा विजेस होणारा विरोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्ट त्यांतून २३० मिलिअँपिअर ढकलतात. हृदयाचा ताल बिघडण्यास त्याच्या निम्मीही पुरते. आणि ज्यावर आपण सारे विसंबून असतों तो बोर्डावरचा एम. सी. बी. सोळा अँपिअरपर्यंत हूं कीं चूं करीत नाहीं. तो तारा जळूं नयेत म्हणून असतो, माणसासाठीं नसतो.

विद्युत् हा शब्द द्युत् धातूचा, म्हणजे चमकण्याचा. आकाशांतली वीज आपल्या नांवाप्रमाणें वागते, म्हणून तिला पाहून आपण दार लावून घेतों. घरांतली चमकत नाहीं.

माणसासाठीं जी सोय आहे तिला आर. सी. सी. बी. म्हणतात. घरांत शिरलेली वीज व परत गेलेली वीज यांचा जमाखर्च ती क्षणोक्षणीं ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तूट आली कीं सेकंदाच्या लहानशा अंशांत वीज तोडते. बहिणीच्या घरीं ती नव्हती. इमारत जुनी, वायरिंगही तेव्हांचें. आतां बसविली आहे. तिच्यावर परीक्षेचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. कित्येक घरांत ती बसविल्यापासून कोणी त्यास बोटही लावलेलें नसतें.

त्या निमित्तानें वायरमनला बोलावून सबंध घराचें अर्थिंग मीटरनें मोजून घेतलें. बैठकीच्या खोलींतलें ठीक निघालें. आंतल्या खोलींतल्या दोन बोर्डांवर तिसरें भोंक होतें, पण त्याच्या मागें तारच नव्हती. शेजाऱ्यांच्या एका बोर्डावर तर कोण्या पूर्वीच्या कारागिरानें तिसरें भोंक आंतून न्यूट्रलला जोडून दिलें होतें. हें वरून अर्थिंगसारखें दिसतें व असतें उलट. न्यूट्रल कोठें तुटली तर जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या अंगावर वीज येते. इमारतीची न्यूट्रल तुटण्याचा दुसराही एक परिणाम आहे. तीन फेजांवर वांटलेल्या घरांचा समतोल मग सुटतो, आणि एखाद्या घरांत २३० च्या जागीं दाब तीनशेंच्याही पलीकडे चारशेंच्या रोखानें चढतो. आपलें यंत्र कितीही नीट जुळवलेलें असो, त्या दिवशीं तें वांचत नाहीं. जास्त दाब येतांच वीज तोडणारें साधन बोर्डावर असेल तरच वांचतें.

भाईंदरांत ही काळजी अंमळ जास्त घ्यावी लागते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि गांवाच्या अंगाखालीं पिढ्यान्‌पिढ्यांचीं मिठागरें. अर्थिंगच्या खड्ड्यांत नळीभोंवतीं मीठ व कोळसा घालण्याची आपल्याकडे रीत आहे, कारण खारट ओली जमीन वीज चटकन गिळते. त्या दृष्टीनें भाईंदरची माती जन्मतःच तयार आहे. पण जें मीठ वीज वाहून नेतें, तेंच लोखंड खातें. आमच्या बहिणीच्या इमारतीचा खड्डा उकरला तेव्हां नळीस जोडलेली पट्टी हातांत पापुद्र्यासारखी आली. वीज पुरविणाऱ्या कंपन्यांचीं नांवें येथें बदलत गेलीं, १९२९ सालीं स्थापन झालेली जुनी बी. एस. ई. एस. जाऊन मध्यें रिलायन्स आली व २०१८ पासून अदानी आहे. पण मीटरच्या अलीकडचें वायरिंग व इमारतींतला तो खड्डा हे कोणत्याही कंपनीचे नसतात, ते आपले असतात. सोसायटीच्या सभेंत रंगाच्या छटेवर दीड तास चर्चा होते. या खड्ड्याचें नांव आम्हीं त्या सभेंत पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें.

त्याच इमारतींत वरच्या मजल्यावर महाविद्यालयांतला एक मुलगा विजेची गिटार वाजवतो. त्याचाही अँप्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा, अमेरिकेंतून आलेला. बहिणीची हकीकत ऐकून तो स्वतःहून आमच्याकडे विचारावयास आला, तेव्हां एक गोष्ट कळली ती वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं मुलें आहेत त्यांनीं ध्यानांत घ्यावी. विजेच्या गिटारीच्या तारा अँप्लिफायरच्या सांगाड्यासच जोडलेल्या असतात. म्हणजे आमच्या बहिणीनें ज्याला क्षणभर स्पर्श केला, त्याला हा मुलगा दोन-दोन तास दहा बोटांनीं कुरवाळत बसतो. १९७२ सालीं विलायतेंत, वेल्समधील स्वान्सी शहरीं, लेस्ली हार्वे नांवाचा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमांत मरण पावला. एका हातांत गिटार होती, दुसरा हात मायक्रोफोनला लागला, आणि अर्थिंग नीट नव्हतें. मुलाच्या अँप्लिफायरला दोनच पिना होत्या. तो आतां तीन तारांचा झाला आहे, आंतला कन्डेन्सर काढला आहे, आणि काढलेला कन्डेन्सर त्यानें टेबलावर शोभेस ठेवला आहे. तरुणांची सौंदर्यदृष्टि आम्हांस नेहमींच समजते असें नाहीं.

दोन गोष्टी राहिल्या. व्हॉल्व्हचें यंत्र बंद करून प्लग काढला म्हणजे तें मेलें असें समजूं नये. त्याच्या पोटांतल्या मोठ्या कन्डेन्सरांत चारशें व्होल्टची वीज साठलेली राहूं शकते. कधीं मिनिटभर, कधीं त्याहून पुष्कळ जास्त वेळ. कारागीर ती योग्य रोधांतून हळू हळू उतरवतात, मीटरनें मोजून पाहतात, मग हात घालतात. स्क्रू-ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं दिसते ती आपण पाहूंही नये. घरच्या माणसानें तळाचे स्क्रू उघडूंच नयेत, मग तो इंजिनिअर कां असेना.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मोठ्या व्हॉल्व्हची कांच दोनशें अंशांच्या पुढें तापूं शकते. आपल्याकडे रेडिओवर विणलेला रुमाल घालून वर गणपती किंवा फुलदाणी ठेवण्याची फार जुनी आवड आहे. आमच्या बहिणीनेंही नवीन वस्तु म्हणून पहिल्याच आठवड्यांत क्रोशाचा एक सुरेख रुमाल तिच्यासाठीं विणला होता. तो आतां तबकडीच्या यंत्राच्या झांकणावर असतो. अँप्लिफायरभोंवतीं वीतभर जागा मोकळी सोडली आहे, मागचा पडदा वर बांधला आहे, आणि नातवंडें येतात तेव्हां त्याच्यासमोर लांकडी जाळी उभी करतात.

हिरवी तार पुन्हां जागेवर आहे. गुणगुण घालविण्याचा सरळ उपायही त्याच कारागिरानें येऊन करून दिला. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर घेतलीं व मधली एक जोडतार बदलली, अर्ध्या तासाचें काम. तरी कान लावला तर थोडी ऐकूं येते. मेहुणे म्हणतात, असूं दे. रविवारीं सकाळीं ते तबकड्या लावतात व आम्ही कधीं कधीं ऐकावयास जातों. बहीणही ऐकते, पण स्वयंपाकघराच्या दारांतून. यंत्रावरची धूळ आतां मेहुणेच पुसतात. प्लग भिंतींतून काढून, तो समोर खुर्चीवर ठेवून, कोरड्या फडक्यानें.